निकालपत्रकातले नाशिककर

‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण करणारे पहिले भारतीय कोण? नाशिकमध्ये या प्रश्नाला दोन उत्तरं मिळतात. काहीजण डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचं नाव घेतात, तर काहीजण लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांचं. निकालपत्रकं शेजारीशेजारी ठेवली की वाद मिटतो, कारण दोन्ही नावं वेगवेगळ्या वर्षांच्या आणि वेगवेगळ्या गटांच्या यादीत आहेत. पण त्याच यादीतले तास-मिनिटं नीट वाचले, तर या सायकलपटूंचं बळ नेमकं कशात होतं तेही कळतं.

आधी शर्यतीचं स्वरूप. १९८२ साली चार स्पर्धकांनिशी ती सुरू झाली. २०१५ आणि २०१७ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडहून पूर्वेकडच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर जायचं होतं. वाटेत वाळवंटातला उकाडा लागतो, कोलोरॅडोतली ३,३०० मीटर उंचीची वुल्फ क्रीक खिंड लागते, कॅन्ससच्या मैदानातला वारा लागतो आणि शरीर पुरतं थकलेलं असताना अ‍ॅपलेशियन डोंगरांचे चढ समोर येतात. इथे टप्पे नाहीत, मुक्काम नाहीत. घड्याळ एकदा सुरू झालं की सायकलपटू झोपला तरी चालूच राहतं. एकट्याला १२ दिवसांची मुदत, संघाला ९ दिवसांची.

जून २०१५. दोघांच्या गटात महाजन बंधूंची वेळ नोंदली आहे ८ दिवस, १४ तास, ५५ मिनिटं. थोरले हितेंद्र भूलतज्ज्ञ, धाकटे महेंद्र दंतवैद्य. पोटापाण्यासाठी सायकल चालवणारं दोघांतलं कुणी नव्हतं. दोघांच्या गटात एक चालवतो, दुसरा गाडीत विसावतो, मग पाळी बदलते. तास मोजले तर २०६ तास ५५ मिनिटं होतात, म्हणजे सरासरी ताशी सुमारे २३ किलोमीटर. अंतर समसमान वाटलं असं धरलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज २८० किलोमीटर येतात. मुदत संपायला अजून नऊ तास होते. एवढी शिल्लक राहते ती पाळ्या वेळेवर बदलल्या, वाट चुकली नाही, खाणंपिणं हाताशी राहिलं तरच. म्हणून ही वेळ भावांइतकीच त्यांच्या सहायक पथकाचीही आहे.

जून २०१७. एकेरी गटात गोकुळनाथ सातवे: ११ दिवस, १८ तास, ४५ मिनिटं. त्यांच्यामागे आठवे नागपूरचे डॉ. अमित समर्थ: ११ दिवस, २१ तास, ११ मिनिटं. एकेरी शर्यत मुदतीत पुरी करणारे पहिले दोन भारतीय एकाच वर्षी, अडीच तासांच्या आत अ‍ॅनापोलिसला पोचले. गोकुळनाथ लष्करी डॉक्टर, तेव्हा नेमणुकीला नाशिकला होते. २०१६ साली त्यांना हीच शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली होती. समर्थ यांनी ती पहिल्याच प्रयत्नात पुरी केली.

आता थोडं गणित. गोकुळनाथांच्या हाती उरले ५ तास १५ मिनिटं, समर्थांच्या हाती २ तास ४९ मिनिटं. ही शिल्लक बारा दिवसांवर पसरली की रोजची जेमतेम २६ आणि १४ मिनिटं होते. गोकुळनाथ रोज अर्धा तास जास्त झोपले असते, किंवा समर्थ रोज पाव तास जास्त थांबले असते, तर मुदत टळली असती.

वेग मात्र डोळे दिपवणारा नाही. गोकुळनाथांची सरासरी ताशी १७ किलोमीटर येते. ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ स्ट्रासर यांनी २०१४ साली हीच शर्यत ७ दिवस, १५ तास, ५६ मिनिटांत जिंकली होती. त्यांची सरासरी ताशी २६च्या वर होती. हे अंतर लपवण्याचं कारण नाही. पण सतरा म्हणजे किती, हे आपल्याकडच्या ब्रेव्हेवरून, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीवरून, समजेल. ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला ४० तास मिळतात, म्हणजे ताशी १५ पुरतात. ती पुरी करून माणूस घरी जाऊन झोपतो. इथे त्याहून जास्त सरासरी ओळीने बारा दिवस राखायची, आणि झोप, जेवण, जखमांवरचे उपचार सगळं त्याच घड्याळात बसवायचं.

तेव्हा निकालपत्रक जे बळ दाखवतं ते थांबणं मोजून वापरण्याचं आहे. दिवसेंदिवस झोप तोडून अंगाला सोसेल तेवढंच काम देणं, आणि ते रोज देणं, ही शिस्त या चौघा भारतीयांत सारखी दिसते. चौघेही डॉक्टर होते. शरीराची मर्यादा ओळखायची सवय त्यांना कामी आली असावी, असा तर्क करता येतो. तो पुराव्याने पक्का करायचा तर निकालापलीकडचे कागद हवेत: पथकाच्या वह्या, झोपेच्या आणि आहाराच्या नोंदी, शिक्के मारलेली ब्रेव्हे कार्डं.

असे कागद रद्दीत सहज जातात. नाशिक, नाशिकरोड, देवळाली, एकलहरे इथल्या ज्या घरांत कुणी लांब पल्ल्याची सायकल चालवली असेल, त्यांनी ते जपावेत, त्यांवर तारीख आणि नाव लिहावं, आणि एखाद्या वाचनालयाकडे प्रत द्यावी. नाशिकच्या सायकलिंगचा इतिहास त्यातूनच लिहिला जाईल.