शब्दवेध : स्पर्श

'स्पर्श' आला संस्कृत 'स्पृश्' या धातूपासून. 'अस्पृश्य' हा शब्दही त्याच धातूचा. नागपूरच्या दीक्षाभूमीवर 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह त्या शब्दाचं जोखड झुगारून दिलं.

व्याकरणात मात्र 'स्पर्श' म्हणजे 'क'पासून 'म'पर्यंतची 25 व्यंजनं. ती उच्चारताना जीभ कंठाला, टाळूला, दातांना टेकते, नाहीतर ओठ ओठांना.

दीक्षाभूमी ज्या दक्षिण अंबाझरी मार्गावर आहे, त्याच मार्गावर अंध विद्यालय आहे. अशा शाळांत मुलं हीच व्यंजनं ब्रेल लिपीत बोटांनी वाचतात. पाटीत कागद अडकवून टोचणीने उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटवायचा आणि उठलेले ठिपके डावीकडून वाचायचे. एका अक्षरघरात जास्तीत जास्त 6 ठिपके. 1951 च्या भारती ब्रेलमध्ये 'कि' लिहिताना आधी 'क', मग 'इ', अगदी उच्चाराच्या क्रमाने. देवनागरीत वेलांटी आधी येते. मला ब्रेलचीच रीत जास्त सरळ वाटते.

टाडोमा पद्धतीत तर अंध-बधिर माणूस बोलणाऱ्याच्या ओठांवर, गळ्यावर हात ठेवून बोलणं ओळखतो. 'प' म्हणताना मिटलेले ओठ त्याच्या बोटांखाली उघडतात.