‘टॉप सॉयर’ : लाकूडकटाईतील एका संज्ञेचा अर्थविस्तार

प्रस्तावना

व्यवसायातील संज्ञा लोकभाषेत शिरते, तेव्हा त्या व्यवसायातील उच्चनीचताही तिच्याबरोबर येते. इंग्रजीतील ‘टॉप सॉयर’ ही संज्ञा याचे बोलके उदाहरण आहे. ‘वरचा करवत्या’ हा तिचा मूळ अर्थ. पुढे तिला ‘वरचढ, श्रेष्ठ माणूस’ हा अर्थ प्राप्त झाला. हा बदल कसा घडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यवसायाचे स्वरूप

यांत्रिक गिरण्या रूढ होण्यापूर्वी इंग्लंडमध्ये ओंडक्यांच्या फळ्या प्रामुख्याने करवतीच्या खड्ड्यावर पाडल्या जात. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवून लोखंडी आकड्यांनी पक्का करीत. एक कामगार वर उभा राही व दुसरा खड्ड्यात उतरे. वरचा करवत उचली आणि आखलेल्या रेषेवरून तिला दिशा देई. खालचा ती खाली ओढी. लाकूड कापले जाई ते करवत खाली येताना. म्हणजेच खालच्या माणसाच्या श्रमावाचून एकही फळी निघत नसे. मात्र रेषा चुकली तर लाकूड वाया जाई. म्हणून कौशल्याचा मान वरच्याला मिळे. खालच्याच्या वाट्याला डोक्यावर पडणारा भुसा येई.

अर्थविस्तार

फ्रान्सिस ग्रोझ यांच्या बोलभाषेच्या कोशाची पिअर्स इगन यांनी संपादित केलेली आवृत्ती १८२३ मध्ये निघाली. तीत ही संज्ञा ‘कोणत्याही धंद्यातील निष्णात माणूस’ या अर्थाने येते. तिचे मूळ नॉरफोक परगण्यात सांगितले असून, तेथे वरच्याला खालच्याच्या दुप्पट मजुरी मिळते, असे कारण दिले आहे. हा वेतनाचा दप्तरी पुरावा नव्हे. तथापि तत्कालीन समज त्यातून स्पष्ट होतो. पुढे चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ (१८३७–३९) या कादंबरीत एका निष्णात बाल खिसेकापूसाठी हीच संज्ञा योजलेली दिसते. तोवर तिचा लाकडाशी असलेला संबंध सुटला होता.

लोकव्युत्पत्तीची मर्यादा

‘टॉप डॉग’ व ‘अंडरडॉग’ हे शब्दही याच खड्ड्यातून आले, असे पुष्कळदा सांगितले जाते. ओंडका धरणाऱ्या आकड्यांना इंग्रजीत ‘डॉग’ म्हणत, हा त्याचा आधार. परंतु एकोणिसाव्या शतकातील उपलब्ध प्रयोग कुत्र्यांच्या झुंजीकडे निर्देश करतात. असा मोह मराठीतही होतो. ‘वरिष्ठ’ हा शब्द मराठी ‘वर’पासून आला असे वाटते, वस्तुतः ‘वर’ हे अव्यय संस्कृत ‘उपरि’पासून आले आहे, तर ‘वरिष्ठ’ हे ‘उरु’ या विशेषणाचे संस्कृत श्रेष्ठतादर्शक रूप आहे. अर्थसाम्य म्हणजे व्युत्पत्ती नव्हे.

निष्कर्ष

१७६८ मध्ये लंडनमधील लाइमहाउस येथील पवनचक्कीवर चालणारी करवत-गिरणी करवत्यांच्या जमावाने उद्ध्वस्त केली. यंत्रापुढे वरचा आणि खालचा या दोघांचीही उपजीविका सारखीच धोक्यात होती. कालांतराने बाष्पयंत्रांच्या प्रसाराने हा व्यवसाय जवळजवळ संपला. भाषेने मात्र त्या जोडीतील एकालाच गौरवपद दिले. खड्ड्यातील माणसाच्या नावावरून ‘अपरिहार्य सहकारी’ या अर्थाचा शब्द रूढ झाला नाही. शब्दांचा इतिहास अभ्यासताना कोणता अर्थ टिकला याबरोबरच कोणाचे श्रम शब्दाबाहेर राहिले, हेही पाहणे आवश्यक ठरते.