पहिली तारामती : अण्णा साळुंके
लोणावळ्यात दादासाहेब फाळके यांनी रविवर्मा छापखान्यासाठी छपाईची कामे केली. पुढे १९१२ मध्ये ते 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाच्या तयारीला लागले, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही बाई मिळेना. त्या काळी कॅमेऱ्यासमोर उभे राहणे अब्रूला बाधक समजले जाई. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांची सडपातळ अंगकाठी आणि नाजूक हात फाळक्यांच्या नजरेत भरले. तिथे त्यांना महिना १० रुपये मिळत. फाळक्यांनी १५ रुपये देऊ केले. हरिश्चंद्राचे काम दत्तात्रय दामोदर दाबके यांनी केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात चित्रपट लागला. त्यातील कारंज्याच्या हौदातले तारामती व तिच्या सख्यांचे स्नान पाहावे : भिजलेल्या लुगड्यांतल्या त्या सगळ्या 'बायका' पुरुषच आहेत. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, तरी साळुंके यांना असलेली मागणी घटली नाही. 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोघेही तेच होते. पुढे त्यांनी छायालेखकाचेही काम केले. त्यांना निव्वळ 'स्त्रीपार्टी नट' म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल. भारतीय कथापटाची पहिली नायिका तेच होत.