डिजिटल प्रतिमांची फाइल-स्वरूपे

छायाचित्र, स्कॅन केलेला कागद किंवा रेखाकृती संगणकात साठवण्याची ठरावीक पद्धत म्हणजे फाइल-स्वरूप किंवा फॉरमॅट. पिक्सेलांची माहिती कोणत्या क्रमाने लिहायची, ती दाबून लहान करायची का आणि तसे करताना काही गाळायचे का, हे स्वरूपावरून ठरते. ४००० × ३००० पिक्सेलांच्या छायाचित्रात १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येकी ३ बाइट धरल्यास न दाबलेली फाइल सुमारे ३६ एमबी भरते. त्यामुळे संक्षेपण अटळ असते. ते दोन प्रकारचे असते. अक्षय संक्षेपणात मूळ प्रतिमा जशीच्या तशी परत मिळते, तर क्षयी संक्षेपणात डोळ्याला कमी जाणवणारा तपशील कायमचा गाळला जातो.

प्रमुख स्वरूपे : जेपीईजी हे क्षयी स्वरूप १९९२ मध्ये प्रमाणित झाले. ८ × ८ पिक्सेलांच्या चौकटी करून त्यांवर गणिती रूपांतर केले जाते. या रूपांतराची पद्धत बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. चेहरे, शेते, आकाश अशा हळूहळू बदलणाऱ्या रंगछटांसाठी जेपीईजी उत्तम ठरते. अक्षरांच्या तीव्र कडांभोवती मात्र धूसर ठिपके उमटतात. पीएनजी (१९९६) अक्षय असून पारदर्शक पार्श्वभूमी राखते. त्यामुळे बोधचिन्हे, पडद्याची छायाप्रत व मजकूर असलेल्या आकृत्यांसाठी ते योग्य होय. जीआयएफमध्ये (१९८७) एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. आज त्याचा वापर मुख्यतः लहान चलत्‌चित्रांपुरता उरला आहे. टिफ (१९८६) मोठी जागा घेते, पण मुद्रण व अभिलेख-जतनासाठी विश्वासार्ह मानले जाते. वेबपी (२०१०) आणि आयफोनमध्ये २०१७ पासून आलेले एचईआयसी कमी जागेत चांगली प्रत देतात; तथापि जुनी सॉफ्टवेअरे व अनेक अर्ज-संकेतस्थळे ती स्वीकारत नाहीत. एसव्हीजी व सीडीआर ही पिक्सेलांऐवजी रेषांचे वर्णन साठवणारी स्वरूपे आहेत. म्हणून फ्लेक्सवरील अक्षरे कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत.

अर्जासाठी निवड : परभणी जिल्ह्यातील राणीसावरगाव (ता. गंगाखेड) यांसारख्या गावांतून दाखल होणाऱ्या ऑनलाइन अर्जांत स्वरूपाची निवड संकेतस्थळाच्या अटीवर ठरते. ‘आपले सरकार’ या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील नोंदणीसाठी १६० × २०० पिक्सेलांचे, ५ ते २० केबीचे जेपीईजी छायाचित्र मागितले जाते. एवढे छायाचित्र न दाबता सुमारे ९४ केबी भरते. ते २० केबीत बसवण्यास पाचपट संक्षेपण पुरते आणि चेहरा स्वच्छ राहतो. मात्र मोबाइलवरचे मोठे छायाचित्र पिक्सेल न घटवता केवळ दर्जा उतरवून ‘केबी कमी’ केले, तर चौकटी दिसू लागतात. म्हणून आधी लांबी-रुंदी आणि मग दर्जा कमी करावा. फाइलच्या नावापुढील एचईआयसी पुसून जेपीजी लिहिल्याने स्वरूप बदलत नाही. रूपांतर करावेच लागते. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठवलेली प्रतिमा पुन्हा दाबली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ फाइल पोहोचते.

कागदपत्रांसाठी निवड : ए-४ आकाराचा कागद ३०० डीपीआयवर (इंचामागे ठिपके) रंगीत स्कॅन केल्यास सुमारे २६ एमबी, तर १५० डीपीआयवर करड्या छटांत सुमारे २ एमबी माहिती तयार होते. अपलोडपुरता दुसरा पर्याय पुरेसा असतो. अनेक पाने एकत्र द्यायची असल्यास पीडीएफ सोयीचे. स्कॅनसाठी पीडीएफ हे मुळात वेष्टन असून त्याच्या आत बहुधा जेपीईजीच असते. त्यामुळे धूसर स्कॅन पीडीएफ केल्याने सुधारत नाही.

जतनासाठी निवड : मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने येथील जुने महसुली अभिलेख बऱ्याच अंशी उर्दू व मोडीत आहेत. २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदींसाठी अशी कागदपत्रे तपासली गेली. अशा लेखनात उर्दूचा एक नुक्ता किंवा मोडीतील अनुस्वारासारखी छोटी खूण यांवर नावाचे वाचन अवलंबून असते, आणि जोरकस क्षयी संक्षेपणात आधी हेच बारीक अवयव झिजतात. केवळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये फिकी शाई पूर्ण नाहीशी होऊ शकते. रंगीत स्कॅनमध्ये पिवळट कागद, शाई आणि शिक्का वेगळे ओळखता येतात. म्हणून मूळ प्रत किमान ३०० डीपीआयवर रंगीत, अक्षय टिफमध्ये ठेवावी आणि वितरणासाठी तिच्यावरून जेपीईजी अथवा पीडीएफ काढावे. जेपीईजीमध्ये बदल करून ते पुन्हा पुन्हा जतन केल्यास दर वेळी काही तपशील घटतो. नंतर त्याचे टिफ केले तरी फाइल मोठी होते, गेलेला तपशील परत येत नाही.