हरभऱ्याच्या झाडावरचा सम्राट : ल्यू शौग्वांगचे यान राज्य

इ.स. ९०७ मध्ये थांग साम्राज्याचा अंत झाला आणि उत्तर चीनमध्ये जो तो सेनापती आपापल्या प्रांताचा धनी झाला. या कालखंडाला इतिहासकार ‘पाच राजवंश आणि दहा राज्ये’ असे म्हणतात. त्या पाचांत नाही आणि दहांतही नाही, असे एक राज्य आजच्या बीजिंगच्या जागी उभे राहिले. त्याचे नाव यान. आयुष्य जेमतेम सव्वादोन वर्षे.

बीजिंगला तेव्हा यौचौ म्हणत. थांग साम्राज्याच्या ईशान्य सीमेवरचे हे बलाढ्य लष्करी ठाणे. ८९५ मध्ये शातो तुर्कांचा सेनापती ली केयोंग याच्या पाठबळावर ल्यू रेनगोंग येथे सुभेदार झाला आणि दोनच वर्षांत आपल्या उपकारकर्त्यावर उलटला. प्रजेकडची तांब्याची नाणी त्याने जप्त करून डोंगरात पुरली व व्यवहारासाठी मातीची नाणी चालवली. दक्षिणेचा चहा बंद करून डोंगरातला झाडपाला चहा म्हणून विकला. ९०६ मध्ये युद्धाचा प्रसंग येताच १५ ते ७० वर्षांच्या पुरुषांची सरसकट भरती केली आणि ते पळून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या चेहऱ्यांवर गोंदवून घेतले. विद्वानांना एवढीच सवलत, की त्यांचे गोंदण दंडावर होते.

ल्यू शौग्वांग हा या रेनगोंगचा मुलगा. बापाच्या उपपत्नीशी संबंध ठेवल्यामुळे फटके खाऊन तो घराबाहेर पडला होता. ९०७ मध्ये लियांग राजवंशाचे सैन्य यौचौवर चालून आले तेव्हा बाप डोंगरावरच्या महालात विलासात मग्न होता. शौग्वांगने सैन्य आणून शत्रूला पिटाळले, शहर ताब्यात घेतले आणि बापाला कैद केले. थोरला भाऊ ल्यू शौवेन बापाच्या सुटकेसाठी चालून आला. ९०९ च्या लढाईत त्याची सरशी होत होती. त्याच क्षणी तो फळीपुढे येऊन, डोळ्यांत पाणी आणून, माझ्या भावाला मारू नका असे ओरडू लागला. शौग्वांगच्या सरदाराने त्याला ओळखले आणि जिवंत धरून नेले. पुढे भावानेच त्याचा गुपचूप काटा काढला. शौवेनचे त्सांगचौ शहर मात्र वेढा पडूनही झुंजत राहिले. तेथे माणसांनी माणसे खाल्ली, तेव्हा कुठे ९१० मध्ये ते शरण आले.

आता शौग्वांगला वाटू लागले, की नशीब आपलेच आहे. शेजारच्या जिन राज्यावर तेव्हा ली केयोंगचा मुलगा ली त्सुनश्यू राज्य करीत होता. ९११ मध्ये शौग्वांगने त्याला व इतरांना कळवले, की सर्वांनी मिळून आपल्याला ‘शांगफू’, म्हणजे पित्यासमान मानावयाचा ज्येष्ठ पुरुष, ही पदवी द्यावी. त्सुनश्यू संतापला. पण त्याच्या सरदारांनी सुचवले, की याला आणखी फुगू द्यावे. मग सहा सुभेदारांच्या नावे विनंतीपत्र गेले. त्यांतले काही तर त्सुनश्यूच्याच हाताखालचे होते! लियांग सम्राटानेही मागे न राहता एक मानाचे पद पाठवले. हरभऱ्याच्या झाडावर चढवण्याचा हा उद्योग दोन्ही शत्रूंनी एकाच वेळी केला.

पदवीदानाचा विधी ठरू लागला तेव्हा शौग्वांगने विचारले, की यात स्वर्गाला बळी देणे आणि नवे युगनाम जाहीर करणे का नाही? अधिकाऱ्यांनी सांगितले, की ‘शांगफू’ कितीही थोर असला तरी सम्राटाचा सेवकच. त्याने तो मसुदा जमिनीवर फेकला आणि आपण सम्राटच होणार असे जाहीर केले. दरबारात कुऱ्हाड व ठोकळा ठेवून त्याने बजावले, की विरोध करील त्याचे डोके उडेल. त्सांगचौहून शरण आलेला सुन नावाचा अधिकारी तरीही पुढे झाला. तुम्ही मला जीवदान दिलेत, म्हणूनच खरे बोलणे माझे कर्तव्य आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याचे तुकडे करण्यात आले. शंभर दिवसांत मोठे सैन्य येईल असे तो ओरडत राहिला, तेव्हा तोंडात माती कोंबण्यात आली.

९११ च्या आठव्या चांद्र महिन्यात शौग्वांग ‘महान यान’चा सम्राट झाला. त्याच दिवशी उत्तरेच्या खितान लोकांनी त्याचे पिंगचौ हे ठाणे घेतले.

९१२ च्या आरंभी जिनचा सेनापती चौ दवेई यानमध्ये शिरला. मदतीला निघालेला लियांग सम्राट चू वेन वाटेतच फजीत होऊन परतला आणि काही महिन्यांत स्वतःच्याच मुलाकडून मारला गेला. यानची शहरे एकामागून एक गेली. शौग्वांग गयावया करू लागला तेव्हा चौ दवेईने दूताला टोमणा मारला : सम्राटांनी अजून स्वर्गपूजाही केली नाही, इतक्यात एवढी नम्रता कशी?

९१३ च्या अखेरीस यौचौ पडले. शौग्वांग बायकामुलांसह पळाला, वाट चुकला, थंडीने पाय सुजले. अन्न मागायला गेलेल्या पत्नीला एका शेतकऱ्याने ओळखले आणि सगळे पकडले गेले. ९१४ मध्ये वधस्तंभापुढेही, आपण उत्तम घोडेस्वार व तिरंदाज आहोत, कामाला येऊ, अशी त्याची विनवणी चालूच होती. त्याच्या पत्नींनी मात्र, अशा जगण्यात काय अर्थ, असे म्हणून आधी आपल्याला मारावे अशी मागणी केली. बाप रेनगोंगला ली केयोंगच्या समाधीपुढे नेऊन ठार करण्यात आले. ली केयोंगने मरताना मुलाला तीन बाण देऊन तीन सूड सोपवले होते, त्यांतला एक यानचा, अशी कथा ११व्या शतकात ओउयांग श्यूने नोंदवली आहे. कथा सुंदर आहे. पुरावा म्हणून ती जपूनच वापरावी.

यानची खरी हानी रणांगणात झाली नाही. शौग्वांगच्या जुलमाला कंटाळून यौचौ परिसरातली माणसे मोठ्या संख्येने खितान मुलखात पळाली. मदत मागण्यासाठी त्यानेच पाठवलेला दूत हान यानह्वेई यालाही खितानप्रमुख अबाओजीने ठेवून घेतले. वाकून नमस्कार करण्यास नकार दिल्याबद्दल त्याला आधी घोडे राखायला लावले, मग राणीच्या सल्ल्यावरून सल्लागार केले. त्याने या निर्वासितांसाठी तटबंदीची गावे वसवली, त्यांचे संसार लावून दिले, जमीन लागवडीखाली आणली. भटक्या घोडेस्वारांच्या टोळीसंघाला शेती, गावे आणि कारभार मिळाला, तो मोठ्या प्रमाणात यानने घालवलेल्या माणसांकडून.

दुसरा एक कनिष्ठ कारकून, फंग दाओ, चढाईला विरोध केल्याबद्दल शौग्वांगच्या तुरुंगात पडला होता. तो सुटून जिनकडे गेला आणि पुढे चार राजवंशांचा मंत्री झाला. कन्फ्यूशियन ग्रंथ लाकडी ठशांनी छापण्याचा ९३२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प त्याच्याच पुढाकाराचा.

९३८ मध्ये यौचौ व आसपासचे प्रांत खितानांच्या हाती गेले आणि शहर त्यांची दक्षिण राजधानी झाले. त्याच वर्षी चीनच्या सम्राटाकडून खितान दरबारी मानाच्या पदव्या घेऊन जो दूत गेला, तो फंग दाओ.