मलकापूरची परसबाग आणि पाण्याचा हिशेब

भाजीपाल्याच्या छापील वेळापत्रकांत फेब्रुवारी-मार्च हा नव्या लागवडीचा काळ म्हणून दिलेला असतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरच्या परसात मात्र याच दिवसांत बाग आवरती घ्यावी लागे. थंडीतली मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) संपला की वांग्या-मिरचीची चार झाडे राखायची आणि न्हाणीचे पाणी जिथे जिरते तिथे आळे करून दोडक्या-कारल्याचे बी टोचायचे, एवढीच वसंतातली नवी लागवड. बाकीची बाग मृगापर्यंत थांबे. इथल्या परसबागेचा इतिहास मुळात पाण्याचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

नळगंगेकाठचे हे गाव अकबराच्या काळी नरनाळा सरकारातला परगणा होते. 1761 मध्ये लूट टळावी म्हणून गावाने राघोबादादांच्या फौजेला 60,000 रुपये दिल्याची नोंद आहे. म्हणजे पैशाची वाण नव्हती. पण उन्हाळ्यात आड आटला की वाड्यातले वाफेही सुकणारच. पुढे 1860 च्या दशकात रेल्वे आली, कपाशीला भाव आला आणि परसबाग मोडली, असे कोणी म्हणेल. ते मला अर्धेच पटते. कोरडवाहू कपाशीच्या धुऱ्यावर अंबाडी, तासांत चवळी-भेंडी असे. पावसाळ्याची भाजी काळीतूनच घरी येई. वेचणी संपल्यावर उपटलेली पऱ्हाटी चुलीला जाई आणि तिच्याच काड्यांचा मांडव न्हाणीजवळच्या वेलाला मिळे. कपाशीने बाग मोडली नाही, तिला उन्हाळ्यापुरती घराशी आणून ठेवली.

आता नळ आहे, बोअर आहे, मग जुना हिशेब कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. तिथे बोअरचे खारे पाणी चिकण काळ्या मातीत मुरले की माती घट्ट होते, पाणी झिरपत नाही आणि कोवळी रोपे पिवळी पडतात. न्हाणीचे पाणीही पहिले राहिले नाही. शिकेकाई आणि राखेच्या जागी साबण-सोडा आला, आणि सोडियमची भर खारपाणात सर्वांत जास्त नडते. म्हणून यंदा चैत्रात बी विकत घेण्याआधी बोअरचे पाणी तपासून घ्या, साबणाचे पाणी आळ्यापासून वेगळे काढा, आणि उरलेले गोडे पाणी जेवढे असेल तेवढेच वेल लावा.