वेबर नावाचे अनेक विणकर

विश्रामबागेत 'वेबर' हा शब्द एकाच दिवशी तीन अर्थांनी उच्चारला जात असेल. वालचंद अभियांत्रिकीत चुंबकीय प्रवाहाचे एकक म्हणून, विलिंग्डनच्या परिसरात समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर म्हणून, आणि आम्हां मराठीवाल्यांच्या तोंडी केवळ 'वेबर' म्हणून. या तिसऱ्या वेबरचे पहिले नाव आम्ही बहुधा घेत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो. एकदा एका उत्तरपत्रिकेत काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी मॅक्स वेबरचे खंडन केल्याचे वाचले. विद्यार्थ्याला दोष कसा द्यावा? वर्गात पहिले नाव आम्हीच सांगितले नव्हते. तेलंगांचे इंग्रजी पुस्तक १८७३चे. मॅक्सचा जन्म १८६४चा. म्हणजे हे खंडन नऊ वर्षांच्या मुलाचे झाले!

वेबर म्हणजे विणकर. आपल्याकडे दोन कुलकर्णी भेटले की ते भाऊ आहेत असे कोणी धरत नाही. जर्मनांनाही तेवढी सवलत द्यावी. एककाला ज्याचे नाव मिळाले तो भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म. शरीरशास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइनरिख मात्र त्याचा सख्खा भाऊ. संगीतकार कार्ल मारिया आणखी निराळा.

आपला वेबर म्हणजे बर्लिनचा संस्कृतज्ञ आल्ब्रेख्त (१८२५–१९०१). सीताहरण आणि लंकेचा वेढा यांवर होमरच्या हेलनहरणाची व ट्रॉयच्या वेढ्याची छाया आहे, असे त्याने १८७०च्या रामायणावरील निबंधात सुचविले. मुंबईच्या तेलंगांनी, तेही ऐन बाविशी-तेविशीत, त्याला पुस्तकभर उत्तर दिले: कथेतील साम्य हा उसनवारीचा पुरावा नव्हे. त्याच सुमारास रा. गो. भांडारकरांचा याच वेबरशी पतंजलीच्या काळावरून 'इंडियन अँटिक्वेरी'त वाद चालला होता. पुष्यमित्राच्या यज्ञाचे उदाहरण देताना महाभाष्यकाराने वर्तमानकाळी क्रियापद योजले आहे. त्यावरून भांडारकरांनी पतंजलीला इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात नेले. एका क्रियापदाच्या काळावरून ग्रंथकर्त्याचा काळ! व्याकरण रुक्ष आहे असे म्हणणाऱ्यांनी हा वाद अवश्य वाचावा.

या वादांचा उल्लेख आमच्या टिपणांत फार तर एका ओळीत येतो, आणि त्या ओळीत वेबर आडनावापुरताच उरतो. मग त्याच्या जागी अधिक प्रसिद्ध मॅक्स येऊन बसतो, आणि तेलंग-भांडारकर नेमके कोणाशी व कशासाठी भांडले हे पुसले जाते. यंदाच्या टिपणांत आम्ही 'आल्ब्रेख्त' हा शब्द हाताने घातला आहे. उच्चाराला तो अवघड जातो, हे खरे.